काळ्या रंगावरची खरखर

दिवाळी उलटली, उन्हातली धग उतरली, की आमच्या पांढरकवड्याच्या हवेत कापसाचे धागे तरंगायला लागतात. आमच्या घरामागे एक रिकामा प्लॉट आणि त्यापलीकडे जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथली यंत्रं, म्हणजे रेचे, सुरू झाले की तिथून सुटलेला बारीक तंतू वाऱ्यावर येतो आणि मिळेल तिथे बसतो. पाण्याच्या माठावर, कोळ्याच्या जाळ्यात, शेजारणीने उन्हात टाकलेल्या तिखटावर. काल दोरीवरची काळी साडी काढायला गेले तर तिच्यावर पांढरी लव उगवल्यासारखी दिसली. झटकली, पुन्हा झटकली. मग साडी हातात घेऊन तशीच पायरीवर बसले. काळ्यावर बसलेला तंतू पाहिला की मला अजूनही उठवत नाही.

रामदास म्हणजे माझे यजमान. लिहिताना नाव घेते. बोलताना कधी घेतलं नाही. ते गाड्या रंगवायचे. हैदराबादच्या मोठ्या रस्त्याला त्यांचं टिनाचं शेड होतं. माझे वडील पुसदच्या कचेरीत होते, मी डी.एड. होऊन शाळेत लागलेली; तेव्हा रंगारी जावई कसा, म्हणून माहेरी बरीच कुजबुज झाली होती. मला पाहायला आले त्या दिवशी हा माणूस माझ्याकडे कमी आणि आमच्या लाकडी कपाटाकडे जास्त पाहत होता. शेवटी न राहवून उठला, कपाटाच्या दारावर बोटं फिरवली आणि वडिलांना म्हणाला, "याचं पॉलिश कोणं केलं जी? लई मनातून केलं आहे." वडील हसले. माझा होकार तिथेच झाला असावा.

त्यांची तपासायची एक पद्धत होती. गाडीच्या पत्र्यावर पुट्टी भरून, पाण्यात भिजवलेल्या खरखरीत पाणपेपरने घासून झाली की ते डोळे मिटायचे आणि बोटांची टोकं पत्र्यावरून अलगद न्यायचे, झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून न्यावीत तशी. डोळे उघडे असले की मन फसते, असं त्यांचं म्हणणं. "रंग लपवत नाही," ते सांगायचे. "खालची खरखर राह्यली तं वरून कितीबी रंग मारा, थे उघडी पडते." खालचा पत्रा काचेसारखा लागला की मगच ते रंग फवारायच्या गनला हात लावायचे. त्यांनी रंगवलेल्या गाडीच्या दारात मी कितीदा केस सारखे केले आहेत.

मग ती वर्षं आली. कापूस घरात येईना, आला तर त्याला कोणी विचारीना. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात सगळं कापसावरच चालायचं, हे तोवर कोणाच्या ध्यानातही नव्हतं. आधी भांड्यांचं दुकान ओस पडलं, मग टेलरचं, मग एकेक जिनिंग बंद व्हायला लागलं. गाडीला रंग देणं ही तर सगळ्यांत शेवटी सुचणारी गोष्ट. वणीकडचे कोळशाचे ट्रक तेवढे यायचे, तेही पाटीवर नाव रंगवून घ्यायला. शाळेत मी हजेरी घ्यायची तेव्हा एखाद्या नावाशी वर्ग गप्प व्हायचा, आणि मधल्या सुट्टीत कळायचं की त्या घरी रात्रीतून काय झालं. त्या गप्प होण्याची मुलांना सवय झाली होती, याचं मला अजून वाईट वाटतं. रामदासांनी शेड सोडलं आणि कंप्रेसर, गन, रंगाचे डबे सगळं आमच्या अंगणात आणून ठेवलं.

अशात सलीमभाई आले. यांचे लहानपणापासूनचे दोस्त. वणीच्या लाइनवर दुसऱ्याची जीप चालवायचे. मालकाने ती विकून टाकली होती. एका बंद पडलेल्या जिनिंगचा मालक नागपूरला निघून गेला, त्याची जुनी काळी ॲम्बॅसिडर सलीमभाईंनी घेतली. इंजिन ठीक होतं, अंग मात्र सडलेलं. एरवी पेशंट न्यायचे आणि लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून फिरवायची, असा त्यांचा बेत होता.

"पांढरी करून टाक," सलीमभाई म्हणाले. "पांढऱ्यात सब छुप जाता है."

"काळी आहे तं काळीच होईन," रामदास म्हणाले. "लग्नाले पाह्यजे न? नवरदेवाले आपलं तोंड दिसलं पाह्यजे बोनेटात."

"तुह्या हातची असन तं दिसनच."

काळा रंग सगळ्यांत वैरी, हे मला त्या हंगामात समजलं. पांढऱ्यात झाकलं जातं ते सगळं काळ्यात चारचौघांत येतं. पण त्यांना काळाच हवा होता. शेड गेलं होतं, हात गेला नाही, हे बहुधा त्यांना स्वतःलाच दाखवायचं होतं.

गाडी अंगणात उभी राहिली आणि आमचं घर तिच्याभोवती फिरायला लागलं. शाळेतून आले की पदर खोचून मीही पाणपेपर घ्यायची. बादलीत पेपर बुडवायचा, घासायचं, राखाडी पाणी ओघळत पायांवर यायचं. रेणू, आमची मुलगी, तेव्हा अमरावतीला शिकायला होती. घरात आम्ही दोघंच. त्या दिवसांत ते आनंदात होते. गुणगुणायचे. मला वाटलं, निघेल हाही काळ.

रंगाचा पहिला हात मारला आणि दुसऱ्या सकाळी बोनेट पाहिलं तर त्यावर बारीक बारीक दाणे. जिनिंगचा तंतू ओल्या रंगात बसला होता. आमच्या मागचं तेवढं एक जिनिंग अर्धंमुर्धं चालू होतं, आणि गावात राहिलेला सगळा कापूस जणू आमच्याच गाडीवर उतरला होता. रामदास म्हणाले, "हव, हे तं होणारच होतं." रंग घासून काढला, अंगणाला चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधल्या, धूळ उडू नये म्हणून जमीन ओली केली आणि पुन्हा मारला.

यावेळी धागे नव्हते, पण रंग संत्र्याच्या सालीसारखा उठला. रंग जाड झाला, ते म्हणाले, थिनर वाढवलं. मग ओघळ आले. गन जरा दूर धरली, तर रंग हवेतच सुकून पत्र्यावर भुकटीसारखा बसला. सकाळी मारला तर दवाने त्यावर दुधासारखी साय आली, म्हणून दुपारी मारायचं ठरलं. एकदा रंगात बारीक खड्डे पडले, डोळे उघडल्यासारखे. "तेल आहे कुठंतरी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं. मी डोक्याला तेल लावणं बंद केलं. घरात फोडणी बंद झाली. आम्ही भात-वरण आणि कच्चा कांदा खात होतो. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी काढलं, नळी बदलली, गनचं तोंड बदललं. दर खेपेला एक कारण सापडायचं, ते दूर व्हायचं, आणि दर खेपेला रंग सुकल्यावर, ऊन तिरपं झालं की, काळ्याच्या पोटातून तीच खरखर वर यायची. ओरखडे, दाणे, लाटा.

त्यांचं गुणगुणणं थांबलं. जेवताना ते ताटाकडे न पाहता दारातून गाडीकडे पाहत राहायचे.

"एक दिवस जाऊ द्या न तिला," मी म्हटलं. "थोडं सोडून द्या."

"सोडलं तं मंग हातात काय आहे माह्या?"

मी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला. 

तो रविवार होता. दुपारची वेळ, ताडपत्रीतून पिवळा उजेड अंगणभर पसरलेला. त्यांनी बोनेट पुन्हा मुळापासून घासलं होतं. डोळे मिटले, बोटं फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान आलं.

"झालं," ते म्हणाले. "काच आहे काच. पूस आता, रंग मारतो."

मी कोरडं फडकं घेऊन पुसायला लागले. फडक्याबाहेर माझी बोटं पत्र्याला लागली आणि थांबली.

"अहो, इथं अजून खरखर लागते."

"कुठं?"

"हा काय, हा सगळा पट्टाच."

त्यांनी तिथे हात फिरवला. पुन्हा फिरवला. "काई नाही तिथं. तुले भास होऊन राह्यला."

"भास कायचा? हात लावल्या लावल्या कळतंय."

त्यांनी माझं बोट धरलं आणि समोरच्या काचेवर ठेवलं, मग बोनेटवर. "सांग फरक."

"काच गुळगुळीत आहे. हे नाही."

मग त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं. काच, बोनेट. बोनेट, काच. कितीतरी वेळ. मी पाहत होते की त्यांचं कपाळ आकसत चाललं आहे. शेवटी ते वाकले, बादलीशेजारी सुकलेला पाणपेपरचा तुकडा उचलला, डोळे मिटले आणि तो बोटांत उलटसुलट केला.

"ही खरखरीत," ते म्हणाले.

ती मागची, साध्या कागदाची बाजू होती.

त्यांनी डोळे उघडून पाहिलं.  पेपर नीट घडी करून खिशात ठेवला, जणू तो कोणाच्या नजरेला पडू नये. मग कुठे जायचं ते न कळलेल्या माणसासारखे गाडीभोवती एक फेरी मारून आले. जिनिंगचा घरघर आवाज तेवढा येत होता.

आता मागे पाहते तेव्हा कितीतरी गोष्टी दिसतात. शर्टाच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागायला लागला होता. चहाचा कप धरताना बशी वाजायची. एकदा तापलेल्या कंप्रेसरला बोट टेकलं होतं आणि फोड आल्यावर त्यांना कळलं. दोघंही हसलो होतो त्यावर, कातडी जाड झाली म्हणून.

तरीही आम्ही एकदा करून पाहिलं. बोटं माझी, हात त्यांचे. ते घासायचे, मी सांगायची: इथे अजून, इथे झालं. पत्रा खरोखरच काचेसारखा झाला. पण त्यांनी गन उचलली आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं. मनगटापासून पुढे हात बारीक थरथरत होता, लांबून येणाऱ्या ट्रकने खिडकीची तावदानं थरथरावीत तसा. एक बाजू कशीबशी झाली, दुसऱ्या बाजूच्या दारावर मात्र रंगाचा एक ओघळ आला, त्याला सावरायला गेले तर दुसरा. अर्ध्या दारापाशी त्यांनी गनचा घोडा सोडला. मग नेहमीसारखी गन धुतली, टाकीतली हवा काढली, नळी गुंडाळली. हे सगळं इतक्या शांतपणे केलं की मीच आत जाऊन रडले.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांचे डोळे मिटायला लावले आणि टाचणी टोचत विचारलं, "आता? आता?" ते प्रत्येक वेळी उशिरा बोलायचे, किंवा बोलायचेच नाहीत. मग डॉक्टरांनी विचारलं, "थिनरमध्ये उघडे हात किती वर्षं घालता?"

रामदास माझ्याकडे पाहायला लागले, जणू प्रश्न अवघड होता. रोज संध्याकाळी ते थिनरनेच हात धुवायचे. रंग निघायला दुसरं काय? तोंडाला रुमाल बांधला की काळजी घेतली असं त्यांना वाटायचं, मलाही वाटायचं. आमच्या संसाराला तोच वास होता. उशीला, डब्याला, रेणूच्या दप्तराला.

"बोटांच्या नसा गेल्यात," डॉक्टर म्हणाले. "हे काम आता बंद. बंद केलं तर पुढे वाढणार नाही. गेलेलं परत येईल का, ते मला सांगता येणार नाही."

एस.टी.त परत येताना दोन्ही बाजूंना वेचणी चालू होती. पांढऱ्या रानात वाकलेल्या बाया. रामदास खिडकीशी बसले होते, दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून, दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिल्यासारखे.

सलीमभाईंना मीच सांगितलं. ते डोक्याला हात लावून अंगणात बसले. मग उठून यांच्याकडे गेले. "अरे यार, मले गाडी चालवाची आहे. चेहरा पाहाले घरी आरसा आहे न माह्या."

"अर्धीच आहे सलीम. अशी नको नेऊ. दुसऱ्या कोणाकडून करून घे."

"तुह्यी आहे, तशीच नेतो."

त्यांनी ती तशीच नेली, एक बाजू चकाकणारी आणि एक खरखरीत. नवरदेवांनी तिला विचारलं नाही. सलीमभाई तिच्यात वणीच्या सवाऱ्या भरायला लागले आणि कोळशाच्या धुळीने दोन्ही बाजू लवकरच सारख्या झाल्या. आमच्या घरावरून जाताना ते दोस्तीने हॉर्न द्यायचे. तो ऐकू आला की रामदास अंगणातून उठून आत जायचे.

त्या वेळी माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई तिला वेचणीला न्यायची म्हणून सुट्टी मागायला शाळेत आली होती. बोलता बोलता तिने हात पुढे केले. बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी बोटं फाटून लाल झालेली. "लई आग होते बाई," ती म्हणाली. "भाकर थापवत नाही." मी तिला मलम दिलं, धीर दिला. पण त्या फाटलेल्या बोटांकडे पाहताना माझ्या मनात हेवा होता. तिचं दुखत होतं.

मी शाळेतून यायची तेव्हा ते पत्र्याचा एखादा तुकडा घेऊन बसलेले असायचे. दिवसभर घासलेला. माझ्यासमोर धरून विचारायचे, "पाह्य बरं." मी बोट फिरवून खरं ते सांगायची. खोटं बोलले असते तर त्यांना लगेच कळलं असतं. बोटांनी नाही, माझ्या तोंडाकडे पाहून. "अजून आहे," मी म्हणायची. ते मान हलवून पुन्हा घासायला लागायचे. पुढे ते विचारीनासे झाले, आणि तेव्हा मी जास्त घाबरले. पत्रे भिंतीशी गंजत पडले. त्यांना दुसरं काम सांगणारे लोक आले: कोणी चौकीदारीचं, कोणी पानठेल्याचं. ते सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि "पाह्यतो" म्हणायचे.

कापसाची ती पडती वर्षं आली तशी गेली, म्हणजे लोक त्यांच्याविषयी बोलायचे थांबले. रेणूचं लग्न झालं. पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडे आली आणि एका थंडीतल्या सकाळी घरात नात आली. मी तिला दुपट्यात गुंडाळून यांच्याकडे नेलं तर ते भिंतीला सरकले.

"मले नको देऊ. माह्या हातातून सुटन थे."

"बसून घ्या न बाबा," रेणू म्हणाली. "मांडीवर देते."

मांडीवर दिली. ते खाली पाहत राहिले. मग एक बोट काढून तिच्या गालावर ठेवलं आणि अलगद फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. माझ्याकडे वर पाहिलं.

"सांग न," ते म्हणाले. "कसं लागते?"

मी आयुष्यभर मुलांना मराठी शिकवलेली बाई. "मऊ आहे," मी म्हटलं.

"मऊ तं मलेबी मालूम आहे. पण कसं?"

मला येईना. लोण्यासारखं म्हणून पाहिलं, सायीसारखं म्हणून पाहिलं. ते मान हलवत होते. चिडून नाही, दूरच्या गावाचा रस्ता विचारणाऱ्याला पत्ता समजू नये आणि तरी त्याने मान हलवावी, तसे.

"गालाला गाल लावा बाबा," रेणू म्हणाली. "गालाला तर समजते न तुमच्या."

हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ते हळूच वाकले आणि आपला गाल तिच्या गालाला टेकवला. क्षणभरच. त्यांचे डोळे मिटले होते. मग बाळ कळवळून रडलं. त्यांच्या दाढीचे खुंट टोचले होते. ते चटका बसल्यासारखे मागे झाले आणि तिला रेणूकडे देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून ते सकाळीच नाक्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन घोटून दाढी करून यायला लागले. रोज. मला वाटलं, आता बाळाला घेतील. ते तिच्याजवळ बसायचे, पाळणा हलवायचे, तिच्याशी बोलायचे, पण पुन्हा काही वाकले नाहीत. रेणूची जायची वेळ जवळ आली तेव्हा मी विचारलं, "काहून हो, एकदा गाल लावा न तिला. दाढी तर रोज करून येता."

"अजून खरखर असन," ते म्हणाले. "मी हात फिरवून पाह्यतो, पण मले काईच समजत नाही."

मी जवळ गेले आणि त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. एक खुंट नव्हता कुठे.

"नाही हो. साफ आहे अगदी."

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले, मी खरं सांगते का ते पाहत. पण माझे डोळे तोवर भरून आले होते, आणि त्यातून त्यांना काय दिसलं कोण जाणे.

"असन," ते म्हणाले, आणि पाणी भरायला निघून गेले.